अन्नशुद्धीचा मंत्र : एका खेळातली ओळ आणि महाडचे तळे

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका विक्रीस आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, आणि फाशांच्या दानाने व तोंडी वर्णनाने भुयारांतून, राक्षसांतून वाट काढायची. पुढच्या पन्नास वर्षांत या प्रकारातले जे असंख्य खेळ निघाले, त्यांचा मूळपुरुष हाच.

त्या खोक्यातल्या पहिल्या पुस्तिकेत धर्मगुरू झालेल्या पात्राला वापरता येणाऱ्या मंत्रांची यादी आहे. पहिल्या पायरीवर मोजके सहा मंत्र. त्यांतला एक जखम बरी करतो, एक उजेड पाडतो, एक दुष्टांपासून रक्षण करतो. या मातब्बरांच्या पंक्तीत एक अगदी साधा मंत्र बसलेला दिसतो : ‘प्युरिफाय फूड अँड वॉटर’. नासलेले वा विष कालवलेले अन्नपाणी खाण्यापिण्याजोगे करणे, एवढेच त्याचे काम. एका वेळी साधारण डझनभर माणसांना पुरेल इतक्याच अन्नावर तो चालतो.

इतका किरकोळ मंत्र की खेळणारे बहुधा तो ओलांडूनच पुढे जातात. तरी हा धागा त्याच्यावर आहे. कारण ‘अशुद्ध अन्नपाणी मंत्राने शुद्ध करणे’ ही गोष्ट महाराष्ट्रात कल्पित खेळापुरती राहिलेली नाही. ती येथे भर दिवसा, साक्षीदारांसमक्ष, ठरावीक घागरी मोजून घडली आहे आणि तिच्या मागोमाग नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयात खटला चालला आहे.

आधी खेळातल्या मंत्राचे कूळ पाहू. धर्मगुरूच्या यादीतले कित्येक मंत्र बायबलातल्या चमत्कारांची आठवण करून देतात. काठ्यांचे साप करणे, पाणी दुभंगणे, अन्न निर्माण करणे हे त्यांतले ठळक. अन्नशुद्धीला तर तेथे तीन जुने दाखले आहेत. मारा येथले कडू पाणी मोशे झाडाचा तुकडा टाकून गोड करतो. यरीहोचे वाईट पाणी अलीशा संदेष्टा मीठ टाकून निवळतो. दुष्काळात कोणी रानातली विषारी फळे चिरून कालवणाच्या हंड्यात टाकली, खाणारे ओरडू लागले, तेव्हा हाच अलीशा मूठभर पीठ टाकून ते कालवण निर्धोक करतो.

या तिन्ही कथांत अन्नपाण्याचा दोष भौतिक आहे. पाणी खरोखर कडू आहे, कालवणात खरोखर विष आहे. चमत्कार झाला की ते सर्वांसाठी सारखेच पिण्याखाण्यायोग्य होते. खेळानेही हीच समजूत उचलली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा मंत्र पाच फूट त्रिज्येच्या गोलातल्या अन्नपेयांतून विष आणि रोग काढून टाकतो. ते अन्न कोणी शिजवले, पाणी कोणी ओढले, पेल्याला कोणाचा हात लागला, याची नोंद नियमात कोठेही नाही. विस्कॉन्सिनमधल्या माणसाला तो प्रश्न सुचण्याचे कारणही नव्हते.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये या मंत्राला उलटी बाजू मिळाली. तोच मंत्र विपरीत म्हटला की चांगले अन्न नासते. मंतरलेले पवित्र पाणीसुद्धा त्यातून सुटत नाही.

ही उलटी बाजू वऱ्हाडातल्या वाचकाला फारशी नवी वाटणार नाही. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये शेगावी रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात जानकीराम सोनाराची कथा आहे. अक्षय्य तृतीयेचा दिवस. महाराजांच्या चिलमीसाठी मुले सोनाराकडे विस्तव मागायला जातात. सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर देऊ नये या समजुतीने तो नकार देतो, वर महाराजांबद्दल वावगेही बोलतो. इकडे चिलीम विस्तवाशिवाय पेटते. तिकडे सोनाराच्या घरी पंगत बसते, चिंचवणे वाढले जाते, आणि त्यात किडे वळवळताना दिसतात. जेवणारे उठून जातात, सारे अन्न वाया जाते. सोनार पश्चात्ताप पावून बंकटलालाकरवी महाराजांचे पाय धरतो, तेव्हा तेच चिंचवणे पुन्हा गोड, निर्मळ झालेले आढळते.

अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी केले जाणारे चिंच-गुळाचे हे साधे सार. त्यापलीकडे काही नासत नाही आणि काही सुधारत नाही. खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर मंत्र अगदी पहिल्या पायरीचा. पण कथेतली अन्नाची अवस्था चिंचेवर वा गुळावर अवलंबून नाही. ती शेजारधर्मावर अवलंबून आहे. मागितलेले दिले नाही म्हणून नासले, चूक कबूल केली म्हणून निवळले. अन्नाच्या शुद्धाशुद्धतेत माणसामाणसांतला व्यवहार शिरला तो असा.

सोळाव्या शतकात सरस्वती गंगाधरांनी रचलेल्या ‘गुरुचरित्रा’त हा व्यवहार आणखी उघड होतो. अडतिसाव्या अध्यायात भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाने तिघांपुरती आणलेली शिधासामग्री चार हजारांना पुरते. छत्तिसाव्या अध्यायात परान्नाचे व्रत पाळणाऱ्या ब्राह्मणाची बायको आहे. इतर जणी यजमानांघरी पक्वान्ने जेवतात आणि आपल्याला मात्र नवऱ्याच्या व्रतापायी ते सुख नाही, म्हणून ती कष्टी असते. श्रीगुरूंच्या सांगण्यावरून तो तिला परान्न घ्यायला नेतो. पण पानावर बसताच तिला त्या अन्नात कुत्री आणि डुकरे तोंड घालताना दिसतात. अन्न जसेच्या तसे आहे, बदलली आहे ती पाहणारीची दृष्टी. त्यानंतर येते ते कोणाकडचे अन्न घ्यावे, कोणाकडचे घेऊ नये, याचे सविस्तर विवेचन.

मराठी मुलखात अन्नपाणी ‘बिघडण्या’चे कारण म्हणून नासणे आणि विष यांच्या जोडीला तिसरे कारण होते. ते म्हणजे विटाळ. पहिली दोन कारणे नाकाला, जिभेला, निदान पोटाला कळतात. तिसरे कोणत्याही इंद्रियाला कळत नाही; ते सांगावे लागते. पाणी पिणाऱ्याला कोणीतरी येऊन सांगितले पाहिजे की या पाण्याला अमक्याचा हात लागला आहे. तोवर ते पाणी गोडच लागते.

१८९० च्या पुण्यातल्या पंचहौद प्रकरणाची गंमत याच ‘सांगण्या’त आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरला, कोणी शिष्टाचारापुरता ओठाला लावला. गोष्ट तेथेच संपायची. पण डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि पोटात जाऊन कधीच जिरलेला चहा पुण्यातल्या सनातनी मंडळींना एकाएकी बाधू लागला. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशी बसली, १८९२ मध्ये निर्णय लागला. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यासाठी सुधारकांचे शब्द सोसले.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पंचहौद प्रकरणात शुद्धी झाली ती पिणाऱ्यांची. चहा शुद्ध करण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, तो संपला होता. आणि मिशनच्या किटलीवर कोणी हक्क सांगत नव्हते. प्रायश्चित्त घेणाऱ्यांपाशी प्रतिष्ठा होती, पैसा होता, परत जायला जात होती. विधी झाला की ते पंक्तीला बसू शकत होते. ज्यांचा स्पर्शच विटाळ मानला गेला होता त्यांच्यासाठी मात्र असे कोणतेही प्रायश्चित्त कोणत्याही पोथीत नव्हते. मग त्यांनी पाणी घेतले तर शुद्ध काय करायचे? उरते एकच : पाणी.

त्यासाठी कोकणात उतरायला हवे. पनवेल-करंजाडेच्या बाजूने मुंबई–गोवा महामार्गाला लागले की पेण, माणगाव मागे टाकून रस्ता महाडला पोहोचतो. करंजाडे आणि महाड आज एकाच रायगड जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. महाड हे सावित्री नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. घाटावरचा आणि बंदरावरचा माल येथे भेटे. तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे बाजाराला, कचेरीला, कोर्टाला येत. त्यांतल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना गावात पाणी मिळत नसे.

गावाच्या मध्यावर चवदार तळे होते. क्षेत्र चार-पाच एकर, भोवती रस्ता, रस्त्यापलीकडे स्पृश्य हिंदूंची घरे आणि काही मुसलमानांची. हिंदू तेथले पाणी भरत, मुसलमान भरत, गुरेढोरे पीत. महार, चांभार, मांग यांना ते बंद.

या भागात विटाळाविरुद्धचा आवाज नवा नव्हता. महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ‘विटाळ विध्वंसन’ लिहून उच्चवर्णीयांना सव्वीस प्रश्न घातले होते. त्यापूर्वी, १८६८ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पण घरचा हौद खुला करणे हा एका माणसाचा निर्णय. गावचे तळे खुले करायचे तर कागद लागतो.

तो कागद ४ ऑगस्ट १९२३ रोजी तयार झाला. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी वा सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, अंमल शून्य. तीन वर्षे त्या पाण्यात एकाही अस्पृश्याची ओंजळ बुडाली नाही, कारण ठरावाचा कागद हाती घेऊन एकट्याने तळ्यावर जाणे म्हणजे मार खाण्याचे निमंत्रण होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर, वय ३५. स्थानिक संघटनेचा भार वाहणाऱ्यांत रा. बा. मोरे होते, साथीला अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातली मंडळी. खेड्याखेड्यांतून हजारो माणसे आली, त्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी स्वागत समितीला स्पृश्यांकडून पाणी विकत घ्यावे लागले. त्याचा खर्च चाळीस रुपये. नगरपालिकेच्या लेखी जे तळे तीन वर्षे खुले होते, त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही खरेदी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाराच्या भाषणांच्या ओघात चित्रे यांनी सुचवले की नगरपालिकेचा ठराव आहे, तर सगळ्यांनी आत्ताच तळ्यावर जावे. मंडपातून मिरवणूक निघाली, चार-चारांच्या रांगा करून, बाजारपेठेतून, शिस्तीने. आंबेडकरांनी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे. मिरवणूक शांतपणे मंडपात परतली आणि परिषद संपली.

पुढच्या दोन तासांत काय झाले ते पाण्याइतकेच अन्नाशी निगडित आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर धावला. पुष्कळ प्रतिनिधी परतीच्या वाटेला लागले होते, काही पानावर बसले होते. जमावाने माणसांना मारले आणि शिजलेले अन्न मातीत कालवले. खेळातला उलटा मंत्र येथे कोणी म्हटला नाही, पायांनीच काम भागले. रस्त्यात एकटेदुकटे गाठून मारहाण झाली. अनेकांना मुसलमान घरांनी आसरा दिला. डाक बंगल्यावर चिडून जमलेल्या आपल्या माणसांना आंबेडकरांनी हात उचलू दिला नाही. ती माणसे थोडीथोडकी नव्हती, आणि त्यांत सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण होते. त्यांनी मनात आणले असते तर महाडचा तो दिवस वेगळा नोंदला गेला असता.

मग तळ्याची शुद्धी झाली. १०८ मातीच्या घागरी, पंचगव्य, आणि काठावर ब्राह्मणांचा मंत्रोच्चार. गाईचे दूध, दही, तूप, मूत्र आणि शेण ही पाच द्रव्ये पाण्यात मिसळली, तळे पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले आणि स्पृश्यांनी पाणी भरायला सुरुवात केली.

येथे थोडे गणित करायला हरकत नाही. चार एकर म्हणजे सुमारे १६ हजार चौरस मीटर. पाणी सरासरी एकच मीटर खोल धरले तरी तळ्यात एक कोटी साठ लाख लिटर पाणी होते. घागर पंधरा लिटरची धरली तर १०८ घागरींचे सोळाशे लिटर, म्हणजे एकूण पाण्याचा दहाहजारावा भाग. खेळातला मंत्र डझनभर माणसांच्या जेवणापुरता. महाडच्या विधीने एवढे मोठे तळे दहाहजाराव्या भागाने पवित्र केले. उलट बाजूही तितकीच अद्भुत : काही हजार ओंजळींनी तेवढेच तळे बाटले होते. पाणी जितक्या सहज बाटते तितक्याच सहज शुद्ध होते, कारण दोन्ही वेळा पाण्याच्या अंगी काहीच घडलेले नसते.

इतिहासाच्या दृष्टीने खरी लक्षणीय गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. विधी करणाऱ्यांचा विधीवर पुरता विश्वास असता, तर शुद्धीबरोबर विषय संपायला हवा होता. पुन्हा कोणी पाणी प्यायले तर पुन्हा १०८ घागरी. पण तसे झाले नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पाणी पंचगव्याने धुतले, तसा कागदही धुऊन घेतला.

एवढ्यानेही भागेना. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला, तेव्हा महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. दावा असा की तळे स्पृश्यांचे आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, सबब त्यांना कायमची मनाई व्हावी. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. पाणी राखायला आता मंत्र, ठराव आणि हुकूम अशा तीन कुलपांची गरज पडली होती. ज्या मंत्राच्या पाठीशी बेलिफ उभा करावा लागतो, त्याच्या सामर्थ्याबद्दल म्हणणाऱ्यांनाच शंका होती असे मानायला जागा आहे.

२५ डिसेंबरला परिषद भरली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेवर. कोणी हिंदू जागा द्यायला तयार नव्हता. त्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. ते प्रसिद्ध आहे. त्या परिषदेतले आंबेडकरांचे अध्यक्षीय भाषण त्यामानाने कमी वाचले जाते. त्यात त्यांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला आणि स्पष्ट केले की चवदार तळ्याच्या पाण्यात काही विशेष आहे म्हणून तेथे जायचे नाही. ते न पिता आजवर कोणी मेलेले नाही. जायचे ते आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. पाण्यात काही नाही, हे विधान त्या सबंध वादात फक्त एका बाजूने केले. प्रतिपक्षाला ते करणे शक्यच नव्हते.

मनाईहुकूम असल्याने पुन्हा पाणी पिणे परिषदेने पुढे ढकलले. सरकारशी आणि सनातन्यांशी एकाच वेळी लढण्याची आंबेडकरांची तयारी नव्हती. जमलेल्या हजारोंना हे पटवणे सोपे गेले नसणार. रोजगार बुडवून, भाकऱ्या बांधून आलेली ही माणसे तळ्याला वळसा घालून, घोषणा देत, तहानलेली परत गेली.

खटला मात्र चालत राहिला. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्यात प्रतिवादी होते. १९३१ मध्ये पहिल्या न्यायालयाने वादींचा दावा फेटाळला. १९३३ मध्ये अपिलातही तेच झाले. वादी उच्च न्यायालयात गेले.

न्यायालयात ‘विटाळ’ सिद्ध करायचा नव्हता, ‘वहिवाट’ सिद्ध करायची होती. कायद्याच्या भाषेत रूढी मान्य व्हायची तर ती अनादी, अखंड आणि निश्चित असावी लागते. मग प्रश्न असे येतात : हे तळे कोणाच्या मालकीचे? त्याची देखभाल कोण करते? मुसलमान पाणी भरतात ते कोणत्या हक्काने? अस्पृश्य भरत नाहीत ते कोणत्या नियमाने, आणि तो नियम कधीपासून? काठावर म्हटलेल्या मंत्रांना यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. तळे नगरपालिकेचे ठरले. अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते एवढे अलीकडच्या काळापुरते दिसत होते. ती प्रथा अनादी असल्याचा पुरावा वादींना देता आला नाही.

निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड होते. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी महाडच्या वादींचे अपील खर्चासह फेटाळले. तळ्यावरच्या त्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.